सेवेत राहून परीक्षेची तयारी : परीक्षार्थी वैद्य आणि आपण

आपल्यापैकी अनेकांच्या चिकित्सालयांत व रुग्णालयांत तरुण वैद्य साहाय्यक म्हणून काम करीत असतात. सकाळ-सायंकाळ बाह्यरुग्ण विभाग, आठवड्यातून काही रात्री आंतररुग्णांची जबाबदारी आणि उरलेल्या वेळेत परीक्षेचा अभ्यास, असा त्यांचा दिनक्रम असतो. हा दुहेरी भार कसा वाहावा आणि त्यात आपला वाटा कोणता, याचा शास्त्राच्या आधारे विचार करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम परीक्षांचे स्वरूप पाहू. पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१७ पासून अखिल भारतीय आयुष प्रवेश परीक्षा घेतली जाते. २०२४ च्या परीक्षेत १२० प्रश्नांसाठी १२० मिनिटे होती. बरोबर उत्तरास ४ गुण, तर चुकीच्या उत्तरामागे १ गुण वजा. दुसरी परीक्षा याहून निर्णायक आहे. भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग अधिनियम, २०२० अन्वये व्यवसायाचा परवाना व नोंदणी यांसाठी राष्ट्रीय निर्गम परीक्षेची तरतूद झाली. २०२१-२२ च्या सत्रापासून प्रवेश घेतलेल्यांना ती लागू राहील, असे आयुष मंत्रालयाने २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करूनही या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र व्यवसाय एका परीक्षेवर अवलंबून राहतो, आणि तयारीचा काळ आंतरवासीयतेच्या धावपळीतच येतो.

अशा वेळी बहुतेक परीक्षार्थी रात्रीचा दिवस करतात. हा मार्ग शास्त्रास संमत नाही. रात्रिजागरण रूक्ष आहे. त्याने वात वाढतो, आणि स्मृतीची अपेक्षा तर अशा थकलेल्या मनाकडूनच केली जाते. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात अध्ययनविधी सांगितला आहे. प्रातःकाळी किंवा किंचित आधी उठून, आवश्यक कर्मे उरकून, सुखाने बसून, मन लावून सूत्रांची पुनःपुन्हा आवृत्ती करावी. हेच मध्यान्ही, अपराह्णी व रात्रीही करावे, मात्र अभ्यासात खंड पडू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. आचार्यांनी एका वेळेचा हट्ट धरलेला नाही, सातत्याचा धरला आहे. सेवेतील वैद्यासाठी हेच सूत्र मोलाचे आहे. रविवारी सलग दहा तास बसण्यापेक्षा रोज पहाटे दीड तास, दुपारी पाऊण तास आणि रात्री अर्धा तास आवृत्ती अधिक फलदायी ठरते. एका प्रश्नास एकच मिनिट मिळत असेल, तर उत्तर आठवावे लागता कामा नये. ते जिभेवर असावे लागते. हे आवृत्तीनेच साधते.

रात्रपाळी टळत नसेल तर तिची भरपाई करावी. असात्म्य जागरण घडल्यास जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी, अन्न घेण्यापूर्वी झोपावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. सहा तास जागरण झाले तर तीन तास निद्रा, मग भोजन, आणि त्या दिवसाचा अभ्यास अपराह्णी. दिवास्वाप एरवी ग्रीष्माव्यतिरिक्त निषिद्ध असला, तरी अध्ययनाने व श्रमाने कृश झालेल्यांना चरकाचार्यांनी त्याची मुभा दिली आहे, हे विसरू नये.

चरकाचार्यांनी ज्ञानवृद्धीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. यांतील शेवटचे दोन नोकरीच्या वेळेतच घडू शकतात. सकाळी आमवाताचा रुग्ण तपासला असेल, तर त्याच दिवशी माधवनिदानातील आमवाताचे निदान वाचावे. औषध देताना प्रत्येक कल्पाचा ग्रंथ, घटक, मात्रा व अनुपान मनात म्हणावे. सितोपलादी चूर्ण दिवसातून दहा वेळा हातातून जात असेल, तर चरकोक्त राजयक्ष्मा चिकित्सेतील त्याचा पाठ वेगळा पाठ करावा लागत नाही. मात्र येथे एक मर्यादा आहे. पदार्थविज्ञान, रचनाशारीर, अगदतंत्र हे विषय बाह्यरुग्ण विभागात सहसा भेटत नाहीत. पहाटेचा ताजा वेळ त्यांच्यासाठीच राखावा.

आता आपल्या कर्तव्याविषयी. आमच्या मते प्रत्येक ज्येष्ठ वैद्याने चार गोष्टी कराव्यात. पाळ्यांचे वेळापत्रक किमान पंधरा दिवस आधी द्यावे. रात्रपाळीनंतरची सकाळ मोकळी ठेवावी. आठवड्यातून एक तास आपल्याच रुग्णांवर संभाषा घ्यावी. परीक्षेपूर्वीच्या महिन्यात काम निम्मे करावे, आणि ही सवलत नेमणुकीच्या वेळीच ठरवावी, म्हणजे ऐनवेळी याचना करावी लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. साहाय्यक एकच आहे, त्याला मोकळीक दिली तर रुग्णांचे काय. आणि उत्तीर्ण झाल्यावर तो जाणारच, मग आपण झीज का सोसावी? पहिली अडचण खरी आहे. तथापि अर्धवट झोपेतील साहाय्यकाने रसौषधीच्या मात्रेत गुंजेची चूक केली, तर ती रुग्णालाच भोगावी लागते. शिवाय आंतरवासीय वा नोंदणी न झालेल्या पदवीधरावर बाह्यरुग्ण विभाग एकट्याने सोपविणे मुळातच योग्य नाही. दुसऱ्या आक्षेपाबद्दल इतकेच म्हणावेसे वाटते की, तो जाणार हे निश्चितच आहे. तो घडून जावा की खचून जावा, एवढेच आपल्या हाती असते.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती. परीक्षेच्या दिवसांत बुद्धिवर्धक औषधांची मागणी वाढते. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी ही चरकोक्त मेध्य रसायने आपले अनमोल धन आहेत. परंतु ती निद्रेची जागा घेऊ शकत नाहीत. मागणाऱ्यास प्रथम झोपेविषयी विचारावे आणि प्रकृती पाहण्यासाठी वैद्यांकडे पाठवावे. एक बाटली कमी खपेल, पण आपल्या शास्त्रावरील विश्वास टिकेल.

आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे त्रयोपस्तंभ आपण रोज रुग्णांना सांगतो. तेच शास्त्र शिकणाऱ्या तरुणाला आपल्याच छताखाली निद्रा नाकारली जाऊ नये. येत्या महिन्याच्या पाळ्या लावताना वैद्यबांधवांनी एवढा विचार अवश्य करावा, ही नम्र विनंती.