नीटनेटकेपणाचे इंग्रजी शब्द

महाराष्ट्रात सन २००० पासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे परिपाठाच्या वेळी ‘बी नीट’, ‘बी स्मार्ट’ अशा सूचना अगदी लहान मुलांच्याही कानी पडतात. हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजिले जातात; वस्तुतः त्यांत मोठा भेद आहे.

‘नीट’ म्हणजे स्वच्छ व व्यवस्थित. विंचरलेले केस, कापलेली नखे, लावलेली बटणे एवढ्याने मूल ‘नीट’ ठरते. सदऱ्यास ठिगळ असले तरी त्यास बाध येत नाही. चकचकीत या अर्थाच्या लॅटिन ‘निटिडस’पासून हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मराठी ‘नीटनेटका’शी त्याचा नाद जुळतो, हा केवळ योगायोग होय, ‘नेटका’ हा शब्द सतराव्या शतकातील दासबोधातही आहे. तथापि मुलांना अर्थ स्मरणात ठेवण्यास हा योगायोग चांगला उपयोगी पडतो. ‘टायडी’ हा शब्द मूळचा ‘वेळच्या वेळी होणारे’ या अर्थाचा. तो माणसाप्रमाणेच खोलीस व दप्तरासही लागतो.

‘स्मार्ट’चा मूळ अर्थ झोंबणारा, बोचरा असा होता. पुढे तो चलाख, तरतरीत आणि मग रुबाबदार पोशाखाचा असा झाला. अमेरिकेत या शब्दाने प्रायः हुशारी सुचविली जाते, इंग्लंडात बहुधा पोशाख. ‘उद्या स्मार्ट होऊन या’ असे सांगितले की मूल घरी नव्या कपड्यांचा हट्ट धरते आणि मजुरीवर पोट भरणाऱ्या आईबापांची पंचाईत होते. सूचना स्वच्छतेची असेल, तर शब्दही ‘नीट’ हाच वापरावा.

‘वेल ग्रूम्ड’ या शब्दाची व्युत्पत्ती मौजेची आहे. ‘ग्रूम’ म्हणजे मोतद्दार. घोड्यास खरारा करण्याचे हे क्रियापद पुढे माणसाच्या केस-दाढीच्या टापटिपीस लागले. ‘ड्रेस अप’ हे सणासमारंभासाठी किंवा सोंगासाठी. शाळेत येण्यापूर्वी कपडे घालणे यास ‘गेट ड्रेस्ड’ पुरे.

मुलांची खरी अडचण ‘पुट ऑन’ व ‘वेअर’ यांत होते. मराठीत ‘टोपी घातली’ हे दोहोंस चालते. इंग्रजीत टोपी डोक्यावर चढविण्याची क्रिया ‘पुट ऑन’ने, तर ती डोक्यावर असण्याची स्थिती ‘वेअर’ने दाखवितात. वर्गात एका मुलाकडून टोपी काढवून पुन्हा घालवावी, दोन्ही वेळी वर्गाकडून वाक्ये म्हणवून घ्यावीत. फळ्यावरील स्पष्टीकरणाची मग फारशी गरज उरत नाही.