गाठ केवढी, यापेक्षा गाठ कुठे

उमरेडहून मोटारसायकलने नागपूरला जाताना बाजूने पुढे निघणारा कोळशाचा ट्रक आपल्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो. पिट्युटरी ग्रंथीतली गाठ वर वाढली, की बहुधा ही कडेची नजर आधी जाते. समोरचं दिसत राहतं, त्यामुळे माणूस चष्म्याचा नंबर बदलत बसतो आणि त्यात मोलाचे महिने जातात.

ग्रंथी हरभऱ्याच्या दाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण जागा अशी अडचणीची, की डोळ्यांच्या नसा वरून एकमेकींना ओलांडतात, दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या आणि खाली हाडातली हवेची पोकळी. ऑस्ट्रियात सर्जन हर्मान श्लोफर यांनी 1907 मध्ये याच पोकळीतून गाठ गाठली. आता नाकपुडीतून दुर्बीण जाते; नागपुरातही अशा शस्त्रक्रिया होतात.

ही पोकळी मात्र प्रत्येकाची निराळी. लहान मुलांत ती पुरती तयारच नसते, हाड कोरत जावं लागतं. मोठ्यांत आतला हाडाचा पडदा क्वचितच मधोमध असतो. कधी तो तिरका जाऊन थेट धमनीवरच्या हाडाला भिडतो. ते हाड बहुतेकांत अर्धा मिलिमीटरही जाड नसतं, काहींत तर नसतंच. असा पडदा हिसका देऊन मोडला तर धमनीच फाटू शकते. म्हणून तो जपून, थोडा थोडा झिजवायचा. एमआरआय झाला असला तरी सर्जन सिटीस्कॅन मागतात, तो हाडांच्या या नकाशासाठी. तो खर्च फुकट जात नाही.

गाठ चार सेंटीमीटरहून मोठी निघाली, की आता कवटी उघडणार या धास्तीने घरचे खचतात. तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात असलेले डॉ. अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी अशा 118 महाकाय गाठींचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध केला. आकारापेक्षा त्यांनी पाहिलं ते गाठीने ग्रंथीवरचा पातळ पडदा नुसता वर ढकलला आहे की ओलांडला आहे, आणि ती बाजूच्या शिरांच्या कप्प्यात शिरली आहे का. त्यावरून चार प्रकार पाडले. पहिल्या तीन प्रकारांत गाठ मोठी असली तरी आवरणाच्या आतच असते, त्यामुळे नाकाच्या वाटेने ती बरीचशी काढता येते. चौथ्यात तिने पडदा ओलांडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांना वेढलेलं असतं. तिथे तुकडा काढून तपासावा आणि किरणोपचार द्यावेत, हा पर्याय त्यांनी सुचवला. हात कुठे आवरायचा हेही इतक्या स्पष्टपणे सांगितलं, म्हणून हा अभ्यास मला मोठा वाटतो.