पनवेलहून दोन ब्रिटन: इमॅजिकातला रॉबिन हूड आणि माथेरानची हातरिक्षा

ऐकताना तारखा लक्षात राहत नाहीत अशी तक्रार असते, म्हणून या भागाचं हे लेखी रूप. लोकलमध्ये उभं राहून वाचता येईल इतकंच आहे.

आजचा विषय: थीम पार्कमधलं ब्रिटन. एखाद्या पार्कमध्ये अख्खा देश उभा करायचा म्हणजे नेमकं काय करतात? पनवेलकरांना हा प्रश्न जवळचा आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीकडे निघालात तर एकाच वाटेवर दोन ब्रिटन लागतात. एक २०१३ साली उघडलेलं, तिकीट काढून बघायचं. दुसरं डावीकडे डोंगरावर, १८५० पासूनचं.

आधी तिकीटवालं. खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकात ‘ब्रिटन’ अशी पाटी लावलेला वेगळा भाग नाही. पण राइडची नावं वाचत फिरा. बँडिट्स ऑफ रॉबिन हूड, लॉक नेस एक्स्प्लोरर्स, हम्प्टीज फॉल, क्रेझी टी कप्स. नायट्रोच्या रांगेत जायच्या घाईत आपण यांच्यावरून सरळ पुढे जातो, पण ही चारही नावं ब्रिटनमधून आलेली आहेत. म्हणजे ब्रिटन आहे, फक्त तुकड्यातुकड्यांत आहे.

आणि हे तुकडे मूळचेही कितपत खरे आहेत, ते बघा. हम्प्टी डम्प्टी अंडं आहे असं त्या बालगीतात कुठेच म्हटलेलं नाही. ते मुळात कोडं होतं, आणि अंडं हे त्याचं उत्तर. लुईस कॅरलच्या १८७१ सालच्या पुस्तकात टेनिएलने त्याचं चित्र काढलं, आणि ते अंडं आपल्या डोक्यात पक्कं बसलं. गोल फिरणारे चहाचे कप ‘ॲलिस’मधल्या चहापार्टीवरून आले, पण इंग्लंडमधून थेट नाही, १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा ही राइड तिथे होती. लॉक नेसची गोष्ट तर भारीच. स्कॉटलंडच्या तळ्यातल्या राक्षसाचा तो प्रसिद्ध फोटो, पाण्यातून वर आलेली लांब मान, १९३४ मध्ये डेली मेलमध्ये छापून आला. खेळण्यातल्या पाणबुडीवर नकली मान बसवून तो काढला होता, हे जगासमोर यायला १९९४ उजाडलं. म्हणजे आपण पार्कमध्ये नकलेची नक्कल बघतो. यात मला वाईट काही वाटत नाही, उलट मजाच वाटते. थीमचा कच्चा माल हा असाच असतो: देश नव्हे, देशाबद्दल लोकांच्या डोक्यात आधीच असलेलं चित्र.

अख्खं ब्रिटन एका जागी बघायचं तर फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉटमध्ये जावं लागेल. तिथे १ ऑक्टोबर १९८२ पासून ‘युनायटेड किंग्डम’ नावाचा भाग आहे. राइड एकही नाही! लाल टेलिफोन बूथ, रोझ अँड क्राउन नावाचा पब, लाकडी पट्ट्यांची ट्यूडर घरं, छाटलेली कुंपणं, चहाचं दुकान. बस्स. तरी लोक तिथे रेंगाळतात, फोटो काढतात. का?

कारण तीन गोष्टी फार काळजीपूर्वक केलेल्या असतात. पहिली म्हणजे खुणा. लाल बूथ एका नजरेत ‘ब्रिटन’ सांगतो. त्यातला सगळ्यात ओळखीचा नमुना गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी राजा पाचवा जॉर्ज याच्या राज्यारोहणाला २५ वर्षं झाली तेव्हा, १९३५ च्या सुमारास तयार केला. दुसरी गोष्ट म्हणजे मापांची चलाखी. थीम पार्कच्या इमारतींत खालचा मजला साधारण खऱ्या मापाचा असतो, वरचा मजला आणि त्याच्या खिडक्या मुद्दाम लहान करतात. डोळा त्याचा अर्थ ‘इमारत उंच आहे’ असा लावतो. जागा आणि पैसा दोन्ही वाचतात. माझ्या मते हा बांधकामातला सगळ्यात हुशार जुगाड आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: काय दिसू द्यायचं नाही. डिस्नेमध्ये कर्मचाऱ्यांना ‘कास्ट मेंबर’ म्हणतात आणि पाहुण्यांना दिसणाऱ्या जागेला ‘ऑनस्टेज’. बाकी सगळं ‘बॅकस्टेज’: कचरा, मालाचे ट्रक, घामेजलेला माणूस. आम्ही सॉफ्टवेअरवाले फ्रंटएंड-बॅकएंड म्हणतो, तोच प्रकार. बटण गोंडस असतं, त्यामागे सर्व्हर तापलेला असतो.

आता पनवेलच्या रस्त्यावर परत या. इमॅजिकाकडे जाताना वाटेत चौक लागतं. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याच चौक बाजूने माथेरानचा डोंगर चढला, आणि मुंबईच्या उकाड्यापासून पळायला साहेबाला जवळची जागा मिळाली. मग नावं पडली. शार्लट लेक, लुईसा पॉइंट, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन, पॅनोरमा. ‘माथ्यावरचं रान’ हे नाव तेवढं राहिलं, बाकी नकाशा इंग्रजीत गेला. घर सोडून आलेल्या लोकांनी स्वतःसाठी घराचा देखावा उभा केला: थंड हवा, व्हरांड्याचा बंगला, फिरायला तळं. एपकॉटच्या १३२ वर्षं आधी सुरू झालेला हा ब्रिटिश विभाग आहे, असं मी तरी म्हणेन.

टॉय ट्रेन या देखाव्याचा तुरा, आणि आपण तिला सर्रास ‘ब्रिटिशांची गाडी’ म्हणतो. ती बांधली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. काम १९०४ ला सुरू झालं, १९०७ मध्ये नेरळहून गाडी वर पोचली. दोन फुटी रूळ, साधारण २१ किलोमीटर वळणं, आणि वाटेतल्या एकुलत्या बोगद्याचं नाव ‘वन किस टनेल’. तेवढ्या वेळात एकच होतो म्हणे.

इथपर्यंत पार्क आणि माथेरान सारखेच वाटतात. फरक असा, की पार्कमध्ये बॅकस्टेज भिंतीमागे असतो, माथेरानमध्ये तो तुमच्यासमोरून चालत असतो.

माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी आहे, त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. २००३ पासून हा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, त्यामुळे बंदी योग्यच. पण पुढे काय? पायी, घोड्यावर, नाहीतर अलीकडेपर्यंत हातरिक्षात. हातरिक्षा म्हणजे एका माणसाला बसवून दुसऱ्या माणसांनी लाल मातीच्या चढावर ओढायची गाडी. एक पुढून ओढतो, मागून ढकलणारे असतात. साहेबाच्या काळातली ही सोय साहेब गेल्यावरही चालू राहिली, आणि कित्येकांनी तिला ‘हेरिटेज अनुभव’ म्हणून फोटोत घेतलं. हेरिटेज बसणाऱ्यासाठी असतं. ओढणाऱ्यासाठी ती मजुरी असते.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितली. नुसतं ‘बंद करा’ म्हणून सोडलं नाही. खरे रिक्षा ओढणारे कोण ते ठरवा, त्यांना भाड्याने ई-रिक्षा द्या, आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असंही राज्याला बजावलं. हे दुसरं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नाहीतर देखावा स्वच्छ होतो आणि माणूसच बेपत्ता होतो. ई-रिक्षांना घोडेवाल्यांचा विरोध आहे, आणि त्यांचंही पोट त्याच रस्त्यावर आहे, तेव्हा हा हिशोब सोपा नाही.

आणि रॉबिन हूड? श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा शेरवुडच्या जंगलातला हा बंडखोर खरंच होऊन गेला का, याचा पक्का पुरावा नाही. म्हणूनच तो राइडसाठी सोयीचा. त्याच्यावरून आज कोणी भांडत नाही. पण शिरढोण आपल्या पनवेल तालुक्यातलं. तिथे १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले, म्हणजे मॅलेट डोंगर चढला तेव्हा ते चार वर्षांचे होते. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर त्यांनी रामोशांना बरोबर घेऊन सावकार-श्रीमंतांवर छापे घातले, तो पैसा इंग्रजांविरुद्धच्या उठावासाठी हवा होता. मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक कोकणात उतरले आणि पळस्पे लुटलं. हो, तेच पळस्पे, जिथल्या फाट्यावर तुम्ही गोव्याची गाडी पकडता. फडक्यांना त्याच वर्षी पकडलं, जन्मठेपेवर एडनला पाठवलं, आणि १८८३ मध्ये तिथेच ते गेले.

तर पुढच्या वेळी इमॅजिकाला निघालात की पळस्पे फाटा, मग डावीकडे चौकजवळून माथेरानचा डोंगर, आणि खोपोलीनंतर शेरवुडचं जंगल, असा क्रम लागेल. माथेरानला गेलात तर दस्तुरीवर उतरून ई-रिक्षाची चौकशी करा, किंवा सरळ चाला. बाजारपेठेपर्यंत वाट झाडीतून जाते, आणि पावसाळ्यात लाल चिखलात चप्पल टिकत नाही, बूटच घाला.