होडीचं पेट्रोल : डब्यापासून टाकीपर्यंत



मालवण तालुक्यात, कर्लीच्या खाडीकाठी राहणाऱ्या आम्ही अकरा जणी. आमच्या बचत गटाची एक होडी आहे. पर्यटकांना घेऊन आम्ही खाडीत जातो, कांदळवन दाखवतो, खंड्या आणि बगळे दाखवतो, देवबागजवळ खाडी समुद्राला मिळते तिथपर्यंत नेऊन आणतो. कर्ज कसं मिळालं, गिऱ्हाईक कसं येतं, हे आम्हांला सगळे विचारतात. पण होडीचं पेट्रोल कसं आणता आणि कसं भरता, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आज तेच सांगणार आहोत. ज्यांच्या घरची मासेमारीची होडी आहे, त्या मैत्रिणींनी तर मुद्दाम ऐका.

आधी आमची चूक सांगतो. पहिल्या हंगामातली गोष्ट. एका रविवारी पेट्रोल संपत आलं आणि गिऱ्हाईक धक्क्यावर उभं. पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत. मग आमच्यातल्या एकीने वाडीतल्या मोटारसायकलीला नळी लावली, तोंडाने ओढलं आणि गोड्या तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये पाच लिटर काढलं. कॅन रिक्षात पायांपाशी ठेवला. वर ऊन, खाली खड्डे. झाकण ढिलं झालं आणि साडीचा अर्धा घोळ भिजला. कॅन धक्क्यावर देऊन ती तशीच साडी बदलायला घरी गेली. पडवीत पाऊल टाकते तोच आतून सासूबाई ओरडल्या, "थंयच रव! भितर येव नको! चूल पेटलेली असा!" त्यांनी तिला विहिरीपाशी नेलं, अंगावर चार कळशा पाणी ओतलं आणि मगच साडी सोडायला लावली.

काही झालं नाही. पण त्या रात्रीच्या बैठकीत दोघी म्हणाल्या, होडी विकून टाकूया. कर्ज अर्धंही फिटलं नव्हतं. शेवटी ठरलं की होडी चालवायची, पण पेट्रोल म्हणजे काय ते आधी शिकायचं. इंजिन दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे आम्ही तीन दुपारी बसलो, पंपावर जाऊन विचारलं आणि जे कळलं ते वहीत लिहून काढलं. ती वही आता होडीच्या परवान्याच्या कागदांबरोबर असते.

पहिली गोष्ट कळली ती ही, की पेट्रोल पेटतं ते वाफेने. डोळ्यांना दिसणारं पातळ पेट्रोल पेटत नाही, त्याच्यावरची न दिसणारी वाफ पेटते. उणे 40 अंशांच्या आसपासही पेट्रोलमधून पेटण्याइतकी वाफ निघते. मग आपल्याकडच्या मे महिन्यात काय होत असेल, विचार करा. आणि ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी खाली उतरते आणि सखल जागा धरून बसते.

आपल्याला हे घरच्या सिलेंडरवरून समजतं. गॅसचा वास आला की आपण दारं-खिडक्या उघडतो, दिव्याचं बटण दाबत नाही. तो गॅसही जड, जमिनीलगत राहणारा. पण घराला दार असतं, आणि दार जमिनीपर्यंत उघडतं. होडी म्हणजे मोठी परात. तिच्या तळाला दार नाही. एकदा वाफ तळाशी उतरली की ती बाहेर जायला वाट नाही. वर वारा सुटलेला असतो, आपल्याला वास येत नाही, आणि फळीखाली वाफ तशीच असते. मग इंजिनाची एक ठिणगी पुरते. आमचे सगळे नियम या एका गोष्टीतून आलेले आहेत.

आता पेट्रोल आणायचं कसं?

डबा धातूचा, फिरकीच्या घट्ट झाकणाचा, गळत नसलेला. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच जवळ ठेवता येतं आणि धातूचा डबा 25 लिटरहून मोठा चालत नाही. आमचा 20 लिटरचा एकच डबा आहे. तेलाचा कॅन, पाण्याची बाटली, दुधाची किटली, काही चालणार नाही. बाटलीत ठेवलेलं पेट्रोल लहान मूल पाणी म्हणून पिऊ शकतं, हेही लक्षात ठेवा.

पंपावर डबा टेम्पोत ठेवून भरायचा नाही. खाली जमिनीवर ठेवायचा. कारण पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते, नायलॉनची साडी काढताना चटचट होतं ना, तीच. डबा जमिनीवर असला की ती वीज जमिनीत जाते. टेम्पोच्या रबरी किंवा प्लास्टिकच्या अंथरणावर असला तर तिथेच साठते आणि ठिणगी पडू शकते. भरताना पंपाच्या नळीचं तोंड डब्याच्या तोंडाला टेकलेलं राहू द्यायचं आणि हळू भरायचं. पेट्रोल आणायला जाणारी आमच्यातली बाई सुती कपडे घालून जाते.

डबा काठोकाठ भरायचा नाही. 20 लिटरच्या डब्यात आम्ही 19 लिटर घेतो. पेट्रोल उन्हाने फुगतं. एका लिटरमागे, एका अंशाला, साधारण एक मिलिलिटर. पंधरा अंश वाढले तर 20 लिटरचं पाव लिटरहून जास्त फुगतं. त्याला जागा हवी, नाहीतर ते झाकणातून वाट काढतं.

डबा एसटीत किंवा प्रवासी रिक्षात न्यायचा नाही. आम्ही उघड्या हौद्याचा टेम्पो सांगतो. डबा उभा, दोरीने बांधलेला, वर ओलं गोणपाट. भरलेला डबा सतरा-अठरा किलोच्या घरात जातो, तो उतरवायला दोघी लागतात. धक्क्यावर आल्यावर झाकण एकदम उघडायचं नाही. थोडं फिरवायचं, आतला फुस्स आवाज जाऊ द्यायचा, मग काढायचं. आणि डबा घरात आणायचा नाही. स्वयंपाकघरात नाही, जिन्याखाली नाही, सिलेंडरशेजारी तर नाहीच.

आता डब्यातून टाकीत.

आमच्या इंजिनाची टाकी 12 लिटरची, सुटी आहे. अशी टाकी होडीत भरायचीच नाही. उचलून धक्क्यावर आणायची. सांडलं तरी जमिनीवर सांडेल, वाफ वाऱ्यावर जाईल, परातीत उतरणार नाही. सुटी टाकी असताना ती होडीतच भरणं हा निव्वळ आळस आहे, आणि तो आळस आम्हीही केलेला आहे.

भरण्याआधी इंजिन बंद, आणि हात लावण्याइतकं थंड झालेलं. होडी बांधलेली. प्रवासी सगळे खाली, धक्क्यापासून लांब. मोबाइल पिशवीत, विडी-सिगारेट बंद. शेजारच्या होडीत कुणी स्टोव्हवर चहा करत असेल तर त्यालाही सांगायचं. एक जण भरते, दुसरी टाकी धरते, तिसरी कोरड्या पावडरीचं अग्निशामक घेऊन उभी राहते.

20 लिटरचा डबा वाकवून ओतला की सांडतोच. म्हणून आम्ही डबा धक्क्याच्या वरच्या पायरीवर ठेवतो आणि टाकी खालच्या पायरीवर. मधे पेट्रोलसाठीची नळी आणि हाताने दाबायचा रबरी पंप. चार वेळा दाबलं की धार सुरू होते, मग पेट्रोल आपोआप खाली येतं. नळीचं टोक टाकीच्या तळापर्यंत सोडायचं, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. थांबवायचं तर वरचं टोक उचलायचं. तोंडाने ओढायचं नाही, कधीच नाही. पेट्रोलचा घोट फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी करायला लावू नका, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं. सरळ दवाखान्यात न्या.

आमचं इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याच्या पुस्तकात 50 भाग पेट्रोलला एक भाग तेल सांगितलं आहे, म्हणजे 12 लिटरला 240 मिलिलिटर. तुमच्या इंजिनाचं प्रमाण त्याच्या पुस्तकातून बघा. तेल आम्ही टाकीतच मिसळतो, डब्यात नाही. म्हणजे डब्यातलं उरलेलं पेट्रोल हंगाम संपताना स्कूटरला वापरता येतं.

टाकीतही थोडी जागा ठेवायची, झाकण लावायचं, बाहेरून पुसायची. पुसलेलं फडकं होडीच्या खणात कोंबायचं नाही, उघड्यावर वाळत घालायचं. मग टाकी होडीत ठेवून जोडायची, नळीवर कुठे थेंब दिसतो का बघायचं, आणि नाक होडीच्या तळाशी नेऊन वास घ्यायचा. उभ्याने नाही, वाकून. वास आला तर काम थांबलं. नाही आला तरी पाच मिनिटं थांबायचं, मग इंजिन सुरू करायचं, आणि मगच प्रवासी आत.

तळाशी पेट्रोल सांडलंच, तर पाणी उपसायचा विजेचा पंप लावू नका, त्याचीही ठिणगी पडते. प्लास्टिकच्या मगाने उपसा, उरलेलं फडक्याने टिपा. आग लागली तर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आग पाण्याबरोबर पसरते. अग्निशामकाची पिन ओढून धार आगीच्या बुडाशी धरा. नाही आवरली तर होडी सोडा. होडी परत घेता येते.

आणि खाडीत पेट्रोल पडू देऊ नका. त्यावर साबणाचं पाणी ओतून काही होत नाही, रंगीत तवंग फक्त नजरेआड होतो. भरतीला तेच पाणी कांदळवनात शिरतं. ओहोटीला त्याच चिखलात आपल्याच बायका तिसऱ्या आणि कालवं काढायला उतरतात, आणि तेच आपल्या ताटात येतं.

अजून एक. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि खाडीकाठी ओलाव्याला काय तोटा? पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. इंजिन तळातूनच ओढतं, आणि खाडीच्या मध्यावर बंद पडतं. म्हणून आठवड्याला लागेल तेवढंच आणा, झाकणं घट्ट ठेवा आणि पावसाळ्यात होडी वर काढण्याआधी टाकी रिकामी करा. जुनी रबरी नळी दाबून बघा, चिरा दिसल्या तर बदला.

पाण्यावर असताना भरायची वेळच येऊ नये, यासाठी एक साधा हिशेब आहे. टाकीतला एक भाग जायला, एक भाग यायला, आणि एक भाग हाताशी. वारा समोरून आला, ओहोट लागली, तर तो तिसरा भाग उपयोगी पडतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका कुटुंबाने खाली उतरायला नकार दिला. आजी होत्या, गुडघे दुखत होते. "पाच मिनिटांचं काम, आम्ही बसतो की," असं म्हणाले. मागे रांग होती. आम्ही दोघींनी आजींना हात देऊन उतरवलं, धक्क्यावर खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं आणि मग टाकी भरली. त्यातला एक जण रागावला आणि पैसे परत घेऊन गेला. दिवसाच्या हिशेबात ती एक फेरी कमी पडली. संध्याकाळी वहीत लिहिताना कुणाचीच तक्रार नव्हती. होडी विकूया म्हणणाऱ्या त्या दोघींपैकी एकीनेच आजींना उतरवलं होतं.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेलात की बघा, तुमच्याकडे पेट्रोल कशात ठेवलेलं आहे आणि कुठे. प्लास्टिकच्या कॅनमध्ये असेल, चुलीच्या बाजूला असेल, तर आजच हलवायला सांगा. घरच्या पुरुषांना सांगताना कचरू नका. आमच्याकडे हे सगळ्यांत आधी ज्यांनी ओळखलं, त्या सासूबाई होडीत कधी बसलेल्याही नाहीत. त्यांना फक्त वास कळला होता.

पुन्हा भेटू. नमस्कार.