वाटूर फाट्यावरून निघालेल्या निरोपाची किल्ली

परतूर तालुक्यातल्या वाटूर फाट्यावर एसटीतून उतरलेला माणूस घरी व्हॉट्सअॅप करतो: ‘फाट्यावर उतरलो, गाडी घेऊन ये.’ या एका ओळीपुरती फोन एक नवी किल्ली तयार करतो, ओळ बंद करतो आणि ती किल्ली पुसून टाकतो. पुढच्या ओळीला दुसरी किल्ली. ही कल्पना कुठून आली याचा माग काढला, तर आपण जाऊन पोचतो एका फुकट, मुक्तस्रोत गप्पांच्या प्रोग्रॅमपाशी. मला तर हे दर वेळी थक्क करतं.

तो प्रोग्रॅम म्हणजे आजचा ‘पिजिन’. अमेरिकेत शिकणाऱ्या मार्क स्पेन्सरने १९९८ मध्ये तो लिनक्ससाठी लिहायला घेतला. त्याची बांधणी अशी, की मूळ गाभ्याला हात न लावता कुणीही जोडपुर्जा लिहून नवी सोय बसवू शकतो. २००४ मध्ये निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि एरिक ब्रूअर यांनी ‘ऑफ-द-रेकॉर्ड’ नावाची पद्धत मांडली आणि तिचा जोडपुर्जा याच प्रोग्रॅमसाठी आला. तोवर पत्रांच्या कूटलेखनात सहसा एकच किल्ली वर्षानुवर्षं चाले. ती चोरीला गेली की जुनी सगळी पत्रं उघडी. या तिघांनी बोलणं चालू असतानाच किल्ल्या बदलत ठेवल्या.

किल्ली बदलायची, पण पाठवायची मात्र नाही! दोघं एकमेकांना उघडपणे एकेक आकडा कळवतात. त्या आकड्यात स्वतःजवळचा गुप्त आकडा मिसळून दोघंही एकाच उत्तराला पोचतात आणि सगळं ऐकणाऱ्या तिसऱ्याला ते उत्तर काही काढता येत नाही. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी प्रसिद्ध केलेलं हे गणित आहे. मला विचाराल तर विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक.

पण मोबाइलवर एक अडचण उभी राहिली. ऑफ-द-रेकॉर्डला दोघंही एकाच वेळी ऑनलाइन लागत. इथे समोरच्याचा फोन बंद, रेंज गेलेली, आणि आपण मात्र एकामागून एक पाच निरोप पाठवतोय. उत्तरच नाही तर किल्ली बदलणार कशी? ट्रेव्हर पेरिन आणि मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१३ मध्ये त्यावर तोड काढली. उत्तर आलं की डिफी-हेलमनने नवी सुरुवात; तोवर प्रत्येक किल्लीचं बीज एका एकमार्गी गणितातून पुढे ढकलायचं, जिथून उलटं मागे येता येत नाही. तिसरा निरोप दुसऱ्याआधी पोचला तरी फोन मधली किल्ली काढून जपून ठेवतो. ‘सिग्नल’ या मुक्तस्रोत निरोप-अॅपच्या पूर्वावतारासाठी घडलेली हीच यंत्रणा व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ पर्यंत सर्वत्र बसवली.

आणि या गणिताला मराठी येत नाही. ‘वाटूर’ त्याच्या लेखी पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, एकूण पंधरा. ‘फाट्यावर’मधला ‘ट्या’ वाटेत कुठेच जुळलेला नसतो. ट, हलन्त, य आणि काना असे सुटे सुटेच जातात. जोडाक्षर उभं राहतं ते वाचणाऱ्याच्या पडद्यावर, फाँटच्या नियमांनी. तिथेही मुक्तस्रोतच राबतो: अँड्रॉइडवर अक्षरं जुळवणारं ‘हार्फबझ’ सर्वांना खुलं आहे, आणि रेड हॅटने खुला केलेला ‘लोहित’ देवनागरी फाँट लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांच्या ओळखीचा आहे.

किल्ल्यांवरचं काम थांबलेलं नाही. उद्याच्या क्वांटम संगणकांना डिफी-हेलमनचं कोडं सुटेल, म्हणून सिग्नलने २०२३ मध्ये संभाषणाच्या सुरुवातीलाच वेगळ्या गणिताची जोड दिली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चालू संभाषणातल्या किल्ल्यांसाठीही तशी यंत्रणा जाहीर केली. व्हॉट्सअॅपचा प्रोग्रॅम आपल्याला वाचता येत नाही. सिग्नलचा येतो, ओळ न् ओळ, आणि वाटूरच्या शाळेतून निघालेल्या मुलीला त्यातली चूक सापडली तर ती दुरुस्ती पाठवूही शकते.