इशाऱ्याचे वाक्य आणि लोकांचे भय : उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांच्या संदर्भात

२९ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी सहा वाजण्याच्या सुमारास उत्तर कोरियाने एक क्षेपणास्त्र पूर्वेच्या दिशेने सोडले. सहा वाजून दोन मिनिटांनी जपानमधील बारा प्रांतांत भ्रमणध्वनी एकाच वेळी वाजू लागले आणि गावोगावच्या ध्वनिक्षेपकांतून एक सूचना ऐकू आली. तिचा आशय असा : उत्तर कोरियाकडून क्षेपणास्त्र सोडण्यात आल्याचे दिसते, भक्कम इमारतीत किंवा तळघरात आश्रय घ्यावा. त्यानंतर चार-पाच मिनिटांच्या आतच ते क्षेपणास्त्र होक्काइदो बेटावरून सुमारे ५५० किलोमीटर उंचीने पार झाले व पुढे पॅसिफिक महासागरात पडले. सूचना हाती पडणे आणि धोका डोक्यावरून जाणे ह्यांत जेमतेम चहाचा एक पेला संपावा एवढाच अवधी होता.

शत्रुराष्ट्राच्या वाढत्या अण्वस्त्रसामर्थ्याविषयी लोकांना वाटणाऱ्या भयाचा विचार बहुधा राज्यशास्त्राच्या किंवा मानसशास्त्राच्या अंगाने केला जातो. क्षेपणास्त्राचा पल्ला वाढला की भय वाढते, वाटाघाटी सुरू झाल्या की ते ओसरते, असे त्यात गृहीत धरलेले असते. हे अंशतः खरे आहे. तथापि सामान्य नागरिकाला क्षेपणास्त्र कधीच दिसत नाही. त्याला दिसते किंवा ऐकू येते ते एक वाक्य. त्याचे भय कोणते रूप घेते हे पुष्कळ अंशी त्या वाक्याच्या घडणीवर अवलंबून असते. म्हणूनच हा विषय भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत येतो.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात पाहावयास हवी. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी उत्तर कोरियाचे एक अग्निबाण जपानवरून गेले. आपण उपग्रह सोडला, असे त्या राष्ट्राचे म्हणणे होते. जपानमध्ये मात्र त्याला क्षेपणास्त्रच म्हटले गेले आणि 'तेपोदोंग' हा शब्द तेथील घराघरांत पोहोचला. हे नाव उत्तर कोरियाने दिलेले नव्हे. प्रक्षेपणस्थळाजवळच्या एका गावाच्या जुन्या नावावरून ते बाहेरच्यांनी ठेवले. स्वतः उत्तर कोरिया आपल्या क्षेपणास्त्रांना 'ह्वासोंग' म्हणजे मंगळ असे म्हणतो. (मंगळाचे नाव ऐकून कपाळाला आठी घालणाऱ्या आपल्या समाजाला हे नाव चमत्कारिक वाटू नये.) त्या धक्क्यानंतर जपानने स्वतःचे टेहळणी उपग्रह उभारावयाचे ठरविले, पहिले दोन २००३ च्या मार्च महिन्यात सोडण्यात आले. 'जे-अलर्ट' ही इशाऱ्याची यंत्रणा २००७ मध्ये सुरू झाली. इकडे उत्तर कोरियाची पहिली अणुचाचणी ऑक्टोबर २००६ मध्ये झाली आणि सहावी ३ सप्टेंबर २०१७ रोजी. आंतरखंडीय पल्ल्याचे क्षेपणास्त्र त्याने त्याच वर्षी ४ जुलै रोजी प्रथम उडविले.

आता पुन्हा त्या ऑगस्टमधील वाक्याकडे वळू. मूळ जपानी वाक्याच्या शेवटी 'मोयो देसु' असे शब्द आहेत. 'मोयो' ह्याचा मूळ अर्थ नक्षी, आकृती. त्यावरून दिसणारे चिन्ह, लक्षण. क्रियापदाला जोडून तो आला म्हणजे 'असे दिसते', 'तशी चिन्हे आहेत' असा अर्थ होतो. सांगणाऱ्याने गोष्ट स्वतः पाहिलेली नाही, ती लक्षणांवरून कळली आहे, हे वाक्याच्या व्याकरणातच नोंदलेले असते. मराठीभाषकाला हा भेद नवा नाही. 'क्षेपणास्त्र सुटले', 'क्षेपणास्त्र सुटले असावे', 'क्षेपणास्त्र सुटलेले दिसते' आणि 'क्षेपणास्त्र सुटले म्हणे' ह्या चार वाक्यांतील घटना एकच असली, तरी प्रत्येकात बोलणाऱ्याने पत्करलेली जबाबदारी वेगळी आहे. 'म्हणे' हा छोटासा शब्द तर संपूर्ण जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकून मोकळा होतो. जपानी सरकारने निवडलेले रूप 'सुटलेले दिसते' ह्या जातीचे आहे. ज्ञान अपुरे आहे, पण थांबता येत नाही, अशा प्रसंगी ह्याहून प्रामाणिक रूप सापडणे कठीण.

ह्या सावधपणालाही इतिहास आहे. ४ एप्रिल २००९ रोजी उत्तर कोरियाच्या अग्निबाणाची वाट पाहत असता जपानी सरकारने 'उड्डाण झाले' असे जाहीर केले आणि सुमारे पाच मिनिटांनी ते मागे घेतले. उड्डाण झालेच नव्हते, ते दुसऱ्या दिवशी झाले. ह्या चुकीची धास्ती एवढी बसली की १३ एप्रिल २०१२ रोजी प्रत्यक्ष उड्डाण होऊन अग्निबाण कोसळला तरी खातरजमा करीत बसलेल्या सरकारने ते सुमारे चाळीस मिनिटांनी जाहीर केले. खोटा इशारा देण्याचे भय आणि खरा इशारा चुकण्याचे भय ही दोन्ही सरकारच्या ठिकाणी एकाच वेळी नांदत असतात. 'दिसते' हे क्रियापद ह्या दोहोंमधून काढलेली वाट होय.

परंतु वाक्याच्या पूर्वार्धात जी सावधगिरी होती ती उत्तरार्धात नव्हती. 'भक्कम इमारतीत आश्रय घ्यावा' हे विधिवाक्य आहे. होक्काइदोच्या किनाऱ्यावरील कोळ्याने किंवा शेतावर निघालेल्या शेतकऱ्याने चार मिनिटांत भक्कम इमारत कोठून आणावयाची? हा प्रश्न लोकांनी तत्काळ विचारला. आपल्या नैयायिकांनी वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता व सन्निधी अशा तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत. योग्यता म्हणजे पदार्थांच्या परस्परसंबंधाला बाध नसणे; अग्नीने शिंपावे असे कोणी म्हटले तर शब्द व्याकरणशुद्ध असूनही अर्थ जुळत नाही. नैयायिकांच्या मनात कृतीची शक्यता नव्हती हे खरे. तरी ही संज्ञा थोडी ताणली तर असे म्हणता येते की आज्ञार्थी वाक्याची योग्यता ते ऐकणाऱ्याच्या परिस्थितीवरही अवलंबून असते. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ च्या हार्वर्ड व्याख्यानांत वाक्कृतीच्या यशस्वितेच्या ज्या अटी सांगितल्या त्यांतही हेच तत्त्व आहे. जी आज्ञा पाळणे शक्य नाही ती आज्ञा म्हणून फसते, आणि फसलेल्या आज्ञेच्या जागी केवळ भय उरते.

जपानी सरकारने ही टीका ऐकली, ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. पुढचे क्षेपणास्त्र १५ सप्टेंबर २०१७ रोजी होक्काइदोवरून गेले, तेव्हा इशाऱ्यातील 'भक्कम' हे विशेषण गळालेले होते. 'इमारतीच्या आत किंवा तळघरात' एवढेच शब्द राहिले होते. एका विशेषणाच्या लोपाने कोणाचे संरक्षण वाढले नाही. मात्र जे करावयास सांगितले ते बहुतेकांना करता येण्याजोगे झाले.

हवाई बेटांवरील प्रकार ह्याच्या अगदी उलट आहे, आणि अधिक बोलका आहे. २०१७ मधील चाचण्यांनंतर उत्तर कोरियाचे क्षेपणास्त्र सुमारे वीस मिनिटांत हवाईवर पोहोचू शकेल, असे तेथील अधिकारी सांगू लागले. १ डिसेंबर २०१७ पासून हल्ल्याच्या भोंग्याची मासिक चाचणी पुन्हा सुरू झाली. शीतयुद्ध संपल्यापासून ती बंद होती. भोंग्यालाही एक व्याकरण असते. एकसुरी आवाज म्हणजे लक्ष द्या, चढउताराचा आवाज म्हणजे हल्ला, असा हवाईचा संकेत आहे. १९६५ व १९७१ च्या युद्धकाळातील मुंबईच्या काळोख्या रात्री ज्यांनी पाहिल्या, त्यांना मात्र एकसुरी भोंगा म्हणजे धोका टळला, असेच स्मरत असेल. ध्वनी तोच असला तरी संकेत देशपरत्वे बदलतो, हे येथे ध्यानात यावे.

१३ जानेवारी २०१८ रोजी सकाळी आठ वाजून सात मिनिटांनी हवाईतील भ्रमणध्वनींवर इंग्रजी मोठ्या लिपीत तीन वाक्ये झळकली. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचा धोका हवाईकडे येत आहे; ताबडतोब आश्रय घ्या; ही कवायत नव्हे. मुळात ही अठ्ठ्याऐंशी अक्षरे होती, जागा व विरामचिन्हे धरून. त्या काळी अशा संदेशाला नव्वदच अक्षरांची मर्यादा होती. 'दिसते', 'असावे' ह्यांना तेथे वावच नव्हता. भरीस भर म्हणून तिसरे वाक्य शंकेची शेवटची फटही बुजवून टाकते. लोकांनी ते खरे मानले. कोणी मुलांना रस्त्याखालच्या पाणनिचऱ्याच्या भुयारात उतरविले, कोणी न्हाणीघरात दार लावून बसले, कोणी दूरच्या आप्तांचा दूरध्वनीवरून निरोप घेतला. क्षेपणास्त्र नव्हतेच.

चूक कशी झाली हे सांगताना प्रथम 'चुकीचे बटण दाबले गेले' असे म्हटले गेले. महिनाअखेरीच्या चौकशीत वेगळे चित्र दिसले. पाळी बदलताना अचानक घेतलेल्या एका सरावासाठी जी ध्वनिमुद्रित सूचना वाजविली गेली, तिच्या आरंभी व अखेरीस 'सराव, सराव, सराव' असे शब्द होते. पण मधल्या मजकुरात 'ही कवायत नव्हे' हेही वाक्य होते. संबंधित कर्मचाऱ्याने नंतरचे वाक्य ऐकले, आधीचे ऐकले नाही, आणि इशारा खरा समजून तो जनतेला पाठविला. ज्या मजकुरात 'हा सराव आहे' आणि 'हा सराव नाही' अशी दोन विधाने शेजारीशेजारी बसतात, तो मजकूर लिहिणाऱ्याचा दोष ऐकणाऱ्याच्या दोषाहून कमी मानता येत नाही. नोकरी मात्र ऐकणाऱ्याची गेली.

ह्याहूनही गंभीर गोष्ट पुढे घडली. धोका नाही हे कार्यालयाला काही मिनिटांतच कळले होते. गव्हर्नरांना आठ वाजून नऊ मिनिटांनी ते सांगण्यात आले होते. तरी भ्रमणध्वनींवर दुरुस्तीचा संदेश आला तो आठ वाजून पंचेचाळीस मिनिटांनी, म्हणजे अडतीस मिनिटांनंतर. इशाऱ्याचा मजकूर तयार होता. इशारा मागे घेण्याचा मजकूर कोणी तयारच केलेला नव्हता. सन्निधी म्हणजे शब्दांचे विलंबावाचून उच्चारण. एकेक पद प्रहराप्रहराने उच्चारले तर त्याचे वाक्य होत नाही, असे नैयायिक सांगतात. 'क्षेपणास्त्र येत आहे' आणि 'येत नाही' ह्यांच्यामध्ये अडतीस मिनिटे गेली, तेव्हा दुसरे वाक्य पहिल्याची दुरुस्ती म्हणून पोहोचलेच नाही. तोवर लोकांच्या मनात पहिल्या वाक्याने आपले काम पुरे केले होते. आपल्या भाषेत क्षेपणास्त्राला 'अस्त्र' म्हणतात, आणि अस्त्राबरोबर त्याच्या उपसंहाराची कल्पना आपल्या पुराणकथांत नेहमी येते. अर्जुनाला ब्रह्मास्त्र आवरता आले, अश्वत्थाम्याला आले नाही. हवाईच्या कार्यालयाची गत अश्वत्थाम्याची झाली.

ह्यानंतर तीनच दिवसांनी, १६ जानेवारी रोजी, जपानच्या एनएचके ह्या प्रसारणसंस्थेनेही क्षेपणास्त्राची खोटी बातमी चुकून पाठविली. ती पाच मिनिटांत मागे घेतली गेली आणि फारसा गोंधळ झाला नाही.

दक्षिण कोरियाचे उदाहरण ओझरते घेतले तरी पुरे. ३१ मे २०२३ रोजी सकाळी उत्तर कोरियाने उपग्रह सोडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सोल नगरपालिकेने नागरिकांना असा संदेश पाठविला की स्थलांतराची तयारी ठेवावी, मुले व वृद्ध ह्यांना प्रथम जाऊ द्यावे. का, आणि कोठे जावयाचे, हे त्यात नव्हते. सुमारे वीस मिनिटांनी केंद्रीय मंत्रालयाने तो संदेश चुकीने दिला गेल्याचे कळविले. येथे अपुरी राहिली ती आकांक्षा. क्रियापद आले, पण त्याला अपेक्षित असलेले कारण व अधिकरण आले नाही. सीमेपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या त्या शहराला उत्तरेचा धोका नवा नव्हता. त्या सकाळी नवे होते ते अर्धे सोडलेले वाक्य.

जून २०१८ मध्ये सिंगापूर येथे अमेरिकेचे अध्यक्ष व उत्तर कोरियाचे नेते ह्यांची भेट झाली आणि जपानने आपले आश्रय घेण्याचे सराव स्थगित केले. २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. दरम्यान उत्तर कोरियाचे सामर्थ्य घटले नव्हते. २०२२ मध्ये त्याने पूर्वीच्या कोणत्याही वर्षापेक्षा अधिक क्षेपणास्त्रे उडविली आणि त्याच वर्षी आपले अण्वस्त्रधारी स्थान कायद्यात नोंदविले. लोकांच्या भयाचा आलेख आणि क्षेपणास्त्राच्या पल्ल्याचा आलेख एकमेकांवर बसत नाहीत, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.

१३ एप्रिल २०२३ रोजी उत्तर कोरियाने घन इंधनाचे आंतरखंडीय क्षेपणास्त्र, ह्वासोंग-१८, प्रथम उडविले. घन इंधन आधीच भरून ठेवता येते. प्रक्षेपणापूर्वीची दीर्घ तयारी, जी उपग्रहांना दिसू शकते, तिची त्याला गरज नसते. अर्थात इशारा देणाऱ्याच्या हाती उरणारा वेळ त्या प्रमाणात कमी होतो. त्या दिवशी सात वाजून पंचावन्न मिनिटांनी होक्काइदोत इशारा झाला : ताबडतोब आश्रय घ्या, आठच्या सुमारास क्षेपणास्त्र होक्काइदोच्या परिसरात पडेल असे मानले जाते. ह्या वेळी स्थळ होते, वेळ होती, साध्य कृती होती आणि 'मानले जाते' हा सावध शेवटही होता. क्षेपणास्त्र तेथे पडले नाही. सव्वाआठच्या सुमारास तशी शक्यता उरली नसल्याचे कळविण्यात आले. तोवर काही शाळांनी वर्ग उशिरा सुरू करावयाचे ठरविले होते आणि आगगाड्या थांबल्या होत्या. हा इशारा चुकीचा होता काय, असे वार्ताहरांनी विचारले तेव्हा तो योग्यच होता, नंतर केवळ त्याची दुरुस्ती करण्यात आली, अशी भूमिका सरकारने घेतली.