बेड तोच, रुग्ण नवा आणि चादर?

‘बारा नंबरचं इंजेक्शन झालं का?’ हा प्रश्न कोणत्याही वॉर्डात सर्रास ऐकू येतो. बारा नंबर म्हणजे बेड. सकाळी त्यावर न्यूमोनियाचा रुग्ण असतो, दुपारी त्याला डिस्चार्ज मिळतो, संध्याकाळी तिथे अपेंडिक्सचा रुग्ण येतो. नंबर तोच, माणूस वेगळा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेच्या सूचना देताना रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी आणि त्यात खोलीचा नंबर धरू नये, असे सांगितले.

नेमका हाच घोळ संगणकाच्या पोटातही होऊ शकतो. छातीचा एक्स-रे वाचून क्षयरोगाची शंका दाखवणारी सॉफ्टवेअर आता वापरात आहेत. पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांना मान्यता दिली. अशी जड आकडेमोड बहुतेक वेळा मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपसारख्या मदतनीस चिपकडे, म्हणजे कोप्रोसेसरकडे सोपवली जाते. एकाच चिपवर अनेक प्रोग्रॅम आपापली कामे टाकतात. कोणते काम कोणाचे, हे चिपला नावाने नव्हे, नंबराने कळते. हे नंबर वाटतो तो ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला, कर्नलमधला त्या चिपचा कारभारी. वॉर्डातल्या इनचार्ज सिस्टरसारखाच.

दोन प्रकारचे नंबर

वॉर्डात बेड नंबर मोजके असतात, तर आयपीडी नंबर भरपूर. इथेही तसेच आहे. एएमडीच्या ग्राफिक्स चिपमध्ये स्मृतीचे वेगवेगळे नकाशे सांभाळणारे कप्पे साधारण १६ असतात, ० ते १५. त्यातला शून्य क्रमांक ड्रायव्हर स्वतःसाठी ठेवतो. हे झाले बेड. दुसरा नंबर ‘पासिड’ नावाचा. तो २० बिटांचा असल्याने सुमारे साडेदहा लाख वेगवेगळे नंबर देता येतात. हा आयपीडी नंबर. प्रोग्रॅमची ओळख पासिडने राहते, कप्पा मात्र काम चालू असेपर्यंतच मिळतो.

नंबर वाटणे तसे सोपे काम आहे. लिनक्सच्या कर्नलमध्ये यासाठी तयार नोंदवही आहे. प्रत्येक नंबरासाठी एक बिट: दिला असेल तर १, मोकळा असेल तर ०. अवघ्या १२८ बाइटांत १,०२४ नंबरांचा हिशेब मावतो. मागणी आली की सर्वात लहान मोकळा नंबर मिळतो. दोघांनी एकाच क्षणी मागितले, तरी नोंदवहीला कुलूप असल्याने एकच नंबर दोघांना जात नाही.

डिस्चार्ज घाईत नको

खरी जोखीम नंबर परत घेताना असते. मदतनीस चिप स्वतःच्या वेगाने चालते. प्रोग्रॅम बंद पडला तरी त्याने टाकलेले काम चिपवर चालूच असू शकते. तेवढ्यात तो नंबर दुसऱ्याला दिला, तर पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या स्मृतीत जाऊन पडेल. त्यामुळे क्रम ठरलेला आहे: आधी काम थांबवायचे, ते खरोखर थांबले याची खात्री करायची, चिपने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसायचे आणि मगच नंबर मोकळा म्हणून नोंदवायचा.

फोनमधला मोडेम किंवा आवाज हाताळणारी चिप चालवणारी लिनक्सची व्यवस्था हेच पथ्य पाळते. त्या चिपच्या नोंदीशी जोडलेला शेवटचा वापरकर्ता बाजूला झाल्यावरच तिचा नंबर परत जातो. पासिडबाबतही लिनक्सने २०२२ मध्ये नियम सुटसुटीत केला: एकदा मिळालेला नंबर प्रोग्रॅम पूर्ण संपेपर्यंत त्याचाच. मध्येच काढून घेणे नाही.

मात्र नंबर बिनचूक असूनही चादर बदलायची राहू शकते. जानेवारी २०२४ मध्ये ‘ट्रेल ऑफ बिट्स’ या कंपनीतील संशोधकांनी ‘लेफ्टओव्हर लोकल्स’ हा दोष उघड केला. एएमडी, अॅपल, क्वालकॉम आणि इमॅजिनेशन यांच्या काही ग्राफिक्स चिपमध्ये एका प्रोग्रॅमने वापरलेली छोटी, वेगवान स्मृती न पुसताच पुढच्याला मिळत होती. दुसऱ्याने एआयला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यातून वाचता येते, हे त्यांनी करून दाखवले. काही उत्पादकांनी त्याआधीच दुरुस्त्या देण्यास सुरुवात केली होती.

त्या प्रश्नाच्या जागी एखाद्याचा तपासणी अहवाल असता तर? रुग्णाची माहिती ही त्याच्या रक्ताच्या नमुन्याइतकीच जपायची गोष्ट आहे. म्हणून फोन किंवा संगणक ‘अपडेट करा’ म्हणतो, तेव्हा ते महिनोन् महिने पुढे ढकलू नये. अशा दोषांवरचा उपाय बहुधा त्यातूनच येतो. रुग्णालयांनीही एआयचे यंत्र घेताना किमतीबरोबर तीन प्रश्न विचारावेत: ही चिप आणखी कोण वापरणार, काम संपल्यावर स्मृती पुसली जाते का, आणि पुढची पाच वर्षे दुरुस्त्या कोण देणार? उत्तरे लेखी घ्यावीत.